जवळचं सेंटर

"मॅडम, माझी फाइल कुणी हलवली?"

मी चौफुल्याला स्कूटी कडेला घेऊन फोन उचलला होता. शेजारून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. कोण बोलतंय तेच आधी कळेना.

"कुठली फाइल?"

"दौंडची. मला मेसेज आलाय. हितनं फुडं औषध शिरूरला घ्या म्हणत्यात. तुमचं नाव जवळच्या सेंटरला पाठवलंय म्हणं." मागं कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. तिचा आवाज खाली आला. "तुमीच म्हणला व्हता ना, नुसतं बरं हाय, बरं हाय करू नका, खरं सांगा, तुमच्याच उपयोगाचं हाय. झाला बगा उपयोग."

फोन बंद. परत लावला, उचलला नाही.

ही बाई शिरूरची. इथं मी तिला मंगल म्हणते. सगळ्यांचीच नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात, आणि लिहिलंय ते त्यांना विचारूनच. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहे. नवरा वारला. घरात सासू-सासरे, दीर-जाऊ आणि तिचा मुलगा. मंगलला एचआयव्ही आहे, रोज गोळी घेते, आणि हे घरात कुणालाही माहीत नाही. गोळ्या घ्यायला ती शिरूर सोडून दौंडला येते.

मी सलमा पिंजारी, केडगावची. आमचा पिढीजात धंदा गाद्या भरायचा. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. माझी एमएसडब्ल्यूची डिग्री अब्बांनी फ्रेम करून दुकानातच लावलीय, गादी टाकायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसेल अशी. मैत्रिणी हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

पुण्यातल्या एका संस्थेच्या प्रोजेक्टवर मी फील्ड इन्व्हेस्टिगेटर आहे. काम काय ते सांगते. एचआयव्हीच्या औषधाला एआरटी म्हणतात. सरकारी सेंटरवर फुकट मिळतं. रोज न चुकता घेतलं तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. त्या तपासणीला व्हायरल लोड म्हणतात. सापडत नाही म्हणजे संपला असं नव्हे, गोळी सोडली की तो परत वाढतो. पण गोळी चालू असेल तर माणूस ठणठणीत राहतो, कंपनीत जातो, शेती करतो, आणि शरीरसंबंधातून त्याची लागण पुढं जात नाही. एवढं डॉक्टरांनी आणि गोळीनं केलं. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. माणूस वाचला, आता जगतो कसा? झोप लागते का? घरी कुणाशी बोलता येतं का? उद्याची धास्ती वाटते का? याला क्वालिटी ऑफ लाइफ म्हणतात आणि ती मोजायची असते. मी शिरूर आणि दौंडला लोकांशी बोलून ती मोजते.

मोजायची म्हणजे प्रश्नावली. प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं: अजिबात नाही, किंचित, मध्यम, बऱ्यापैकी, पूर्णपणे. पुण्यात हे छान वाटतं. दौंडच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला विचारा, "तुम्ही झोपेबद्दल किती प्रमाणात समाधानी आहात?" तो म्हणतो, "बरं हाय." ताकद किती? "बरं हाय." घरचे कसे वागतात? "बरं हाय की." एका आजींना चक्कर येऊन त्या भिंतीला धरून उभ्या होत्या, त्याही म्हणाल्या, बरं हाय. गोळ्या फुकट देतात, वर कुरकुर कशी करायची, असा सगळा हिशेब.

मग मी भाकरी काढली. चतकोर, अर्धी, पाऊण, अख्खी. आणि काहीच नाही ते काहीच नाही. झाली पाच उत्तरं. "झोप किती लागते? अख्खी का अर्धी?" लोक हसायचे आणि चटकन सांगायचे. "अर्धी. मधीच जाग येती आन् मग उजाडस्तवर कूस बदलत बसायचं." पुण्याहून काम बघणारे साळवी सर आधी नाराज होते, "सलमा, हे स्टँडर्ड नाही." मग त्यांनी दोन्ही पद्धतींची उत्तरं शेजारी ठेवून बघितली आणि म्हणाले, "चालू दे भाकरी."

मंगलला मी ये-जा करायच्या सोयीबद्दल विचारलं त्या दिवशी तिची गाडी चुकली होती. शिरूरहून न्हावरा, चौफुला, तिथं उतरून दुसरी गाडी धरायची, मग दौंड. ती आली तीच तणतणत. "ये-जा? चतकोर बी न्हाई. तुकडा म्हणा. उभ्यानं आले, वर त्या कंडाक्टरच्या शिव्या." मला बरं वाटलं. खरं उत्तर मिळालं. माझ्या कामात खरं उत्तर मिळालं की दिवस चांगला गेला असं समजतात.

सगळ्यांची उत्तरं पुण्याला गेली. आलेखात त्यांचे खांब झाले. शरीर, मन, घर, परिसर असे वेगवेगळे खांब. सगळ्यात बुटका खांब ये-जाचा.

चौफुल्यावरूनच मी सरांना फोन लावला. "सर, शिरूरचे पेशंट दौंडवरून हलवताय?"

"शिरूरचे शिरूरला, दौंडचे दौंडला. पत्ते बघून यादी केली. डॉक्टरांशी, वरच्या ऑफिसशी बोलून झालंय. ज्याला जे सेंटर जवळ ते." सर खुशीत होते. "सर्व्हे करतात, रिपोर्ट कपाटात जातात. या वेळी आपण लगेच काहीतरी केलं."

"सर, लोकांना नकोय ते."

"कुणी सांगितलं?"

ते सांगता येत नव्हतं. पेशंटनं आपल्याशी बोललेलं दुसऱ्याला नावासकट सांगायचं नाही, मग तो आपला साहेब का असेना. कामावर घेतानाच सही घेतात त्यावर.

"सलमा," सर म्हणाले, "लांबचा प्रवास हे एलएफयूचं मोठं कारण आहे, तुला माहीत आहे." एलएफयू म्हणजे लॉस्ट टू फॉलो-अप. औषधाला यायचा बंद झालेला, हातातून निसटलेला पेशंट. आमच्या कामातला सगळ्यात वाईट शब्द हा. "ये-जा चतकोर, असं त्यांनीच म्हटलंय ना? डेटा तुझाच आहे."

डेटा माझाच होता.

आता यात एक गोष्ट अशी होती, जी दौंड-शिरूरच्या सेंटरवर झाडू मारणाऱ्या मावशीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे आणि कुठल्याही कागदावर नाही. शिरूरची बरीच माणसं दौंडला येतात आणि दौंडची बरीच शिरूरला जातात. औषध दोन्हीकडं तेच. डॉक्टर दोन्हीकडं चांगले. पण आपल्या गावच्या दवाखान्यात आपल्याला ओळखतात. औषधाच्या दिवशी चौफुल्याला उभं राहा. शिरूरकडं जाणारी गाडी आणि शिरूरहून आलेली गाडी शेजारी शेजारी थांबतात. दोन्ही खिडक्यांतून माझ्या ओळखीचे चेहरे. मला बघून सगळे दुसरीकडं बघतात, आणि मीही बघते. तसं ठरलेलंच आहे.

प्रश्नावलीत विचारलं होतं, येण्याजाण्याची सोय किती आहे. एवढ्या लांब का येता, असं विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंगलनं स्वतःच फोन केला. "रांजणगावला या. देवळामागं पार्किंगमधी. तिथं समदी परगावची असत्यात." फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर आली. तोंडाला स्कार्फ. ट्रॅव्हल्सच्या गाड्यांच्या सावलीत आम्ही उभ्या राहिलो. भोवती नगर, नाशिक, कुठकुठले भाविक चपला शोधत होते.

"बसून बोलू का?"

"बसू नका. लवकर बोला. घरी सांगितलंय, गाडी पंक्चर."

"मंगलताई, तुमच्या एकटीच्या उत्तरानं नाही झालं. सगळ्यांच्या उत्तरांची बेरीज करतात."

"म्हंजी समद्यांनीच खरं सांगितलं का काय?"

"सांगितलं."

"येडीच हाईत सगळी." स्कार्फच्या वर फक्त डोळे दिसत होते. त्यात हसू नव्हतं. "माझी जाऊ शिरूरच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीला बसती. कांट्रॅक्टवर हाय, पण रुबाब डॉक्टरचा. आत जाणारा माणूस तिच्या नजरंतनं सुटत न्हाई. घरी येऊन सासूला रोजचं बातमीपत्र असतंय. कोण कशाला आलं, कुणाला कितवा म्हैना."

"घरी नवऱ्याचं काय सांगितलंय?"

"कावीळ. आन् माझी गोळी थायरॉइडची. दौंडला जाते ती मानलेल्या बहिणीकडं." ती थांबली. "मी खिडकीसमोर दिसले की संपलं. पोरगं त्यांच्याकडं ऱ्हाईल आन् मी रस्त्यावर. माझा सासरा वाईट न्हाई, पण ह्या गोष्टीला कुणी चांगलं नसतंय."

"गोळ्या आहेत ना अजून?"

"हाईत थोड्या."

"किती?"

"हाईत म्हणलं की." मग म्हणाली, "संपल्या की संपल्या. सोडीन गोळ्या. पर त्या खिडकीपुढं उभी न्हाई ऱ्हायची. इतकी वरसं बरी हाय, राहीन अशीच."

गोळी सोडल्यावर काय होतं ते मी सांगायला लागले. तिनं हात वर केला. "मला पाठ हाय ते. कौन्सेलर बाईंनी लई येळा सांगितलंय."

"मी साहेबांशी बोलते. फक्त कारण सांगू दे. नाव नाही सांगत."

"कारणच माझं नाव हाय, मॅडम. शिरूरात केसपेपरच्या खिडकीला बाया किती असत्यात? त्यातल्या कुणाच्या जावंचा नवरा वारलाय? ह्यातलं काय बी कुठं बोलायचं न्हाई. शपथ घ्या."

घेतली. ती स्टँडकडं गेली. मी तिथंच येरझाऱ्या घालत राहिले. पार्किंगवाला म्हणाला, "ताई, गाडी सापडंना का?"

त्या आठवड्यात माझं कशात लक्ष लागेना. ट्रेननं दौंडला जायचं, स्कूटीनं शिरूरला जायचं, प्रश्न विचारायचे, भाकरी मोडायची. पण विचारताना मी चाचरायला लागले. पुढचा माणूस खरं बोलायला लागला की मी पटकन पुढच्या प्रश्नावर जायचे. अम्मी म्हणाली, "खाना तो खा, फोन क्या चाट रही है." फोन मंगलसाठीच बघत होते. ती उचलत नव्हती.

दौंडच्या डॉक्टरांनी एक वाट सांगितली. प्रवासात असलेल्या पेशंटच्या गोळ्या संपल्या तर कुठल्याही सेंटरवर त्याला थोड्या दिवसांच्या मिळतात. ट्रान्झिट म्हणतात. "फाइल शिरूरला गेलेलं कुणीही इथं आलं तर मी ट्रान्झिटवर देईन. एकदा. नेहमी नाही देता येणार." मी मंगलला मेसेज टाकला: शिवणक्लास दौंडलाच आहे, या. आमचा ठरलेला शब्द होता तो. निळी खूण आली. उत्तर आलं नाही.

आता सर. सरांना माझं मत नको होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. मतावर याद्या फिरवायला लागले तर प्रोजेक्ट चालायचा नाही. मंगल सोडून दुसरं कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं. पण पेशंटच्या दारात मी जाऊ शकत नाही. गावात अनोळखी बाई स्कूटीवरून आली, कुणाकडं आली, कशाला आली, हे संध्याकाळच्या आत पारावर पोचतं. म्हणून फोन. तोही सरळ नाही. प्रत्येकानं सांगून ठेवलेलं असतं की घरी फोन केला तर कोण म्हणून बोलायचं. कुणासाठी मी गॅस एजन्सी, कुणासाठी मुलाच्या शाळेतली बाई.

वडगाव रासाईच्या आप्पांसाठी मी ठिबकची डीलर आहे.

आप्पा म्हणजे नदीकाठचे बागायतदार. गावच्या सोसायटीत अनेक वर्षं संचालक होते. निवडणुकीत अजूनही त्यांना विचारल्याशिवाय पॅनल ठरत नाही. फोन त्यांच्या मुलानं उचलला.

"ठिबकच्या दुकानातून बोलतेय. आप्पा आहेत का?"

"आप्पा वावरात गेल्यात. बरं झालं फोन केला. मॅडम, त्यो फिल्टर कवा देताय तुमी? आप्पा सारखं तुमच्याकडं दौंडला चकरा मारत्यात आन् फिल्टर काय येईना."

"येईल. कंपनीकडूनच लेट आहे."

"किती लेट? न्हावऱ्यात बी भेटतोय फिल्टर. जवळ सोडून दौंड कशाला, म्हणतोय मी त्यांस्नी. तर आयकत न्हाईत. तुमीच सांगा आता."

साळवी सर आणि हा मुलगा एकच बोलत होते. मी म्हटलं, "आप्पांचा भरोसा आमच्यावर आहे. त्यांना फोन करायला सांगा."

तासाभरात आप्पांचा फोन आला. मोटारीचा आवाज येत होता, म्हणजे विहिरीवर होते. "पोरानं फिल्टरवरनं डोकं खाल्लं का तुमचं? मला बी तो मेसेज आलाय. फोन चष्म्यापाशी व्हता, नातवानं वाचून दावला. म्हणतो, आजोबा, सेंटर म्हंजी काय? म्हणलं, दूध डेअरीचं."

"आप्पा, तुम्ही शिरूर बाजूला का जात नाही, हे मला नीट सांगा. मी कुणाचं नाव घेणार नाही."

"नीट सांगू? शिरूरला दवाखान्यात गेलो की डॉक्टर खुर्ची देतो. शिपाई च्या आणतो. चार जण येत्यात, आप्पा, कसं काय येणं केलं? आता तिथं मी गोळ्यांच्या लायनीत उभं ऱ्हाऊ? आन् दौंडात? दौंडात मागचं पोरगं म्हणतं, ओ काका, सरका की फुडं. गावात मला सरका म्हणणारा अजून जन्मला न्हाई. लई हलकं वाटतं बगा दौंडात."

"हे साहेबांना सांगाल?"

मोटार बंद झाली. "साहेब कुठला?"

"पुण्याचा."

"आपल्या तालुक्यात कुणी सोयरं?"

"नाही. मी चौकशी केली."

"आणा मग. नाव मातर सांगणार न्हाई. आन् येताना ठिबकचं एक क्याटलॉग घेऊन या, घरी दावायला."

सरांना मी एवढंच म्हटलं, "सर, औषधाच्या दिवशी दौंडला या. बाकड्यावर बसा. मी काही बोलणार नाही." सर म्हणाले, "हे काय, परीक्षा आहे का माझी?" पण आले. डेमू लोकलनं आले, पाणी प्यायले, आणि खरंच बाकड्यावर बसले. साधा शर्ट, पाठीवर सॅक. कुणाला वाटावं, औषध कंपनीचा एमआर आहे.

मी दाराकडं बघत होते. मंगल आली नव्हती. तिच्या गोळ्या आता संपत आल्या असणार, हे मला तिच्या मागच्या तारखेवरून कळत होतं. सरांकडं माझं अर्धंच लक्ष होतं.

आप्पा आले. पांढरी टोपी काढून खिशात, डोक्याला रुमाल. सरांच्या शेजारी टेकले. सरांनीच सुरुवात केली.

"काका, गाव कुठलं?"

"नदीपल्याडचं."

"म्हणजे शिरूर तालुका. मग शिरूर बाजूला सोय झाली तर बरं नाही का? एवढा वळसा कशाला?"

"तुमी पुण्याचं ना?" आप्पा म्हणाले. "घरापाशी दवाखाना असंल."

"आहे. बिल्डिंगच्या खालीच. माझा मित्रच आहे डॉक्टर."

"वा. मूळव्याध झाली तर त्याला दावाल?"

औषधाच्या खिडकीतून फार्मासिस्टचं हसू आलं. सर माझ्याकडं बघायला लागले. मी भिंतीवरचं पोस्टर वाचत होते.

"नाही," सर म्हणाले. "दुसरीकडे जाईन."

"लांब?"

"जरा लांबच."

"जाताना ट्रॅफिक लागली, उन्हात रिक्षा मिळंना, तर कुरकुर कराल का न्हाई?"

"करीन."

"आमी बी केली. ह्या बाईंनी इचारलं, ये-जा कशी, तर म्हणलं चतकोर. रस्ता खराब हाय, गाडी येळंवर न्हाई, ती कुरकुर व्हती सायेब. गाडी वाढवा म्हणलं असतं कुणी तर समजलो असतो. तुमी तर आमचा रस्ताच काढून घेतला."

सरांनी पाठीवरची सॅक काढून खाली ठेवली. मग म्हणाले, "पण काका, सगळे तुमच्यासारखे नसतील. काहींना जवळचं खरंच हवं असेल."

"असंल की. मग इचारा ना ज्याला त्याला. सोसायटीत आमी साधा गोदामाचा पत्रा बदलायचा ठराव बी इचारल्याबिगर करत न्हाई." आणि मागून एक कॉलेजचा मुलगा आला, म्हणाला, "काका, नंबर तुमचा का? सरका की." आप्पा उठले. जाताना सरांना म्हणाले, "बगितलं?"

दुपारपर्यंत सर तिथंच होते. आणखी कुणाकुणाशी बोलले. सगळ्यांनी कारणं सांगितली नाहीत. एक बाई नुसतीच म्हणाली, "हितंच बरं वाटतं," आणि पदरानं डोळे पुसले. एका म्हाताऱ्या बाबांनी मात्र बदलीचा मेसेज आनंदानं दाखवला. त्यांचे गुडघे गेले होते, त्यांना जवळचं सेंटर हवंच होतं. म्हणजे सर अगदीच चूक नव्हते. हे लिहायला पाहिजे.

खिडकी बंद व्हायच्या सुमाराला फाटकाशी स्कार्फ दिसला. मंगल आत येत नव्हती. मी बाहेर गेले.

"काम्पुटर मला न्हाई म्हणंल," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हणंल तो माणूस. समद्यांपुढं."

"नाही म्हणणार. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. ट्रान्झिट म्हणायचं फक्त."

"ते काय असतंय?"

"प्रवासात आहात, असं."

"हाईच की प्रवासात," ती म्हणाली. "पहाटं निगाले."

कालची गोळी तिची शेवटची होती. हे तिनं डबी पिशवीत टाकल्यावर सांगितलं. मला राग आला आणि तिथंच जिरवला. सर दोन हातांवर उभे होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. काही विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांना मानते.

यादी थांबली. आधी प्रत्येकाला विचारायचं, मग हलवायचं, असं ठरलं. ज्यांनी हो म्हटलं ते जवळ गेले, त्यात ते गुडघेवाले बाबाही. बाकीच्यांच्या फाइली परत आल्या. मंगलची आली. याला वेळ लागला, कारण फाइल पाठवायला एक बटण लागतं आणि परत आणायला बऱ्याच सह्या. प्रश्नावलीच्या शेवटी सरांनी एक ओळ घातली: जवळचं सेंटर दिलं तर घ्याल का? मंगलच्या पुढच्या व्हायरल लोडमध्ये विषाणू सापडला नाही. आप्पांनी शेवटी दौंडातून एक फिल्टर खरंच विकत घेतला. मुलगा म्हणाला म्हणे, इतकी वाट बघून साधाच निघाला.

इथं गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं.

मोजणीची दुसरी फेरी आली. तोच बाक, तेच प्रश्न. मंगल समोर बसली. झोप अर्धी म्हणाली. काळजी पाऊण. मग आलं ये-जा.

"अख्खी," ती म्हणाली.

"मंगलताई."

"लिवा की. वर तूप बी लिवा."

"आज गाडी वेळेवर होती?"

"कुठली वेळेवर? चौफुल्यापतोर उभ्यानं आले. एका बाईची कोंबडी पायात."

"मग?"

"मग काय? अख्खी."

पेशंट सांगतो ते लिहायचं, हा नियम आहे. आपल्याला पटो न पटो. मी लिहिलं. आप्पा म्हणाले, "अख्खी, आन् वर अजून एक वाढा." एकामागून एक सगळे. शिरूरलाही तेच. दोन्ही तालुक्यांत बोलणं पसरलं होतं की ये-जाबद्दल कुरकुर केली की फाइल हलते. ज्यांना मेसेज आलाच नव्हता तेही अख्खी म्हणाले.

खांब निघाले. मागच्या वेळचा बुटका खांब आता सगळ्यात उंच. सरांचा फोन आला.

"सलमा, ये-जा एवढी कशी सुधारली? नवीन गाड्या सुटल्या का?"

"नाही सर. गाड्या त्याच आहेत."

"मग हा डेटा?"

"डेटा माझाच आहे."

सर हसले, पण थोडंसंच. रिपोर्टमध्ये त्यांनी त्या खांबाखाली बारीक अक्षरात एक टीप टाकली. वर बसलेल्यांनी टीप वाचली नसावी. सुधारणेबद्दल आमच्या टीमच्या अभिनंदनाची मेल आली. अब्बांना ती फ्रेम करायची होती. मी नको म्हटलं.

आता मी कुणालाही प्रश्न विचारायच्या आधी सांगते, या उत्तरावरून तुमचं काहीही हलवणार नाही, खरं तेच सांगा. लोक मान डोलावतात. आणि अख्खी म्हणतात.